किरण आणि लहर यांच्यामधला पट्टा



चंद्राभोवती कधीकधी एक मोठे, फिकट कडे दिसते. आपण त्याला खळे म्हणतो. खळे पडले की पाऊस किती लांब आहे याचा अंदाज बांधायची रीत आपल्याकडे जुनी आहे. पण ते सहसा कुणी मोजून पाहत नाही. कुठल्याही गावातून पाहा, हे नेहमीचे खळे चंद्राच्या मध्यापासून साधारण २२ अंशांवरच असते. हात ताठ लांब करून बोटे फाकवली, तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत आकाशात जेवढी जागा व्यापते, जवळपास तेवढे हे अंतर.

हे २२ कुठून आले ते शाळेतल्या त्रिकोणमितीने सांगता येते. खूप उंचावरच्या सिरस ढगांत बर्फाचे षटकोनी स्फटिक तरंगत असतात. षटकोनाच्या एक सोडून एक बाजू घेतल्या तर त्यांच्यातला कोन ६० अंशांचा, म्हणजे प्रकाशाच्या दृष्टीने हा ६० अंशांचा लोलकच झाला. बर्फाचा अपवर्तनांक १.३१. त्याचे निम्मे ०.६५५. ज्या कोनाची साइन ०.६५५ आहे तो कोन ४०.९ अंशांचा. त्याची दुप्पट ८१.८, त्यातून ६० वजा केले की उरतात २१.८. अशा लोलकातून जाणारा किरण यापेक्षा कमी वळू शकत नाही, आणि याच कोनाभोवती किरणांची गर्दी होते. दोन ओळींच्या हिशेबात आकाशातले खळे सापडले.

मला आज बोलायचे आहे ते या दोन ओळी जिथे अपुऱ्या पडतात तिथून पुढच्या गणिताबद्दल.

ढगांचा हवामानावर होणारा परिणाम ज्याला मांडायचा आहे, त्याला खळे कुठे पडते एवढे कळून भागत नाही. स्फटिकावर पडलेल्या उजेडापैकी किती पुढे गेला, किती बाजूला विखुरला आणि किती आल्या वाटेने परत आकाशात गेला, हे त्याला हवे असते. सिरस ढग सूर्याचा काही उजेड माघारी धाडतात आणि जमिनीकडून वर जाणारी उष्णता अडवून धरतात. असा ढग पृथ्वीला तापवतो की निववतो, हे या दोहोंच्या वजाबाकीवर ठरते. त्या वजाबाकीतली पहिली रक्कम स्फटिकाचा आकार आणि त्याचे माप यांवर अवलंबून आहे. तिथे नुसता किरण पुरत नाही, कारण प्रकाश ही लहर आहे. ती कडेला वळते, सावलीत शिरते, दोन वाटांनी येऊन स्वतःशीच भिडते आणि कुठे उजेडाची भर घालते, कुठे उजेडच खोडून टाकते.

या सगळ्या विषयावर एकच आकडा राज्य करतो: वस्तूच्या लांबीत किती तरंगलांब्या बसतात? दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अर्धा मायक्रॉन धरली तर १० मायक्रॉनच्या स्फटिकात २० लहरी बसतात, १०० मायक्रॉनच्या स्फटिकात २००. दहा गिगाहर्ट्झच्या रडारची लहर ३ सेंटिमीटरची, म्हणजे १५ मीटर लांबीच्या लढाऊ विमानात ५०० बसल्या. पावसाळी समुद्राची लाट १०० मीटरची घेतली तर २ किलोमीटरच्या बंदरात पुन्हा २०. वस्तू वेगळ्या, लहरी वेगळ्या, पण गणिताच्या लेखी २० म्हणजे २०. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृती बांधून हौदात लाटा सोडून पाहतात आणि हाच प्रश्न संगणकावरही मांडतात. लाटा बंधाऱ्याच्या टोकाला वळसा घालून आत किती येतात, हे काढण्यासाठी विल्यम पेनी आणि प्राइस यांनी दुसऱ्या महायुद्धात जे सूत्र वापरले, ते आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी १८९६ साली प्रकाशासाठी काढलेले होते.

हा आकडा एकाहून फार लहान असेल तर लॉर्ड रॅले यांचे १८७१ चे सूत्र आहे. आकाश निळे का, याचे उत्तर त्यात आहे. आकडा प्रचंड मोठा असेल तर किरण आहेत. अडचण मधल्या पट्ट्यात आहे, जिथे वस्तूत लहरी इतक्या बसतात की संगणकाला झेपत नाहीत आणि तरीही इतक्या बसत नाहीत की किरणांवर डोळे मिटून विसंबावे. बर्फाचे स्फटिक, विमाने, पाणबुडीचा ध्वनी, भूगर्भात तेल शोधणाऱ्यांच्या लहरी, सगळे या पट्ट्यात येऊन बसतात.

वस्तू गोल असेल तर सुटका आहे. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात गुस्टाव्ह मी यांनी सोन्याच्या कलिल द्रावणांचे रंग समजून घेण्यासाठी १९०८ साली गोलावरून विखुरणाऱ्या लहरीचे अचूक उत्तर काढले. ते अनंत पदांची बेरीज आहे, पण त्यातली साधारण तेवढीच पदे लागतात, जेवढ्या लहरी गोलाच्या परिघात बसतात. एक मिलिमीटर व्यासाच्या पावसाच्या थेंबाच्या परिघात अर्ध्या मायक्रॉनच्या ६,२८३ लहरी बसतात, म्हणून त्याला सुमारे ६,३६० पदे पुरतात. आजचा मोबाइल ती बेरीज क्षणात करील. पण बर्फ गोल नसतो, विमानही नसते. षटकोनी स्फटिकासाठी असे बंदिस्त सूत्र नाही. तिथे आकडेमोड करावी लागते.

हे व्याख्यान ज्या सरांच्या स्मृतीसाठी आहे, ते कुठलेही गणित सोडवायला घेण्याआधी उत्तर साधारण केवढे येईल, हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहायला लावत. त्यांची शिस्त इथे पाळू. विमानाला वेढणारा १५ मीटरचा घन घ्या. लहर नीट दिसावी म्हणून एका तरंगलांबीला दहा बिंदू घ्यायचे, हा या धंद्यातला ढोबळ नियम. मग एका दिशेला ५,००० बिंदू आणि सगळ्या घनात १२,५०० कोटी. प्रत्येक बिंदूवर क्षेत्राचा एकच घटक साठवायचा म्हटला तरी दोन टेराबाइट लागतात, आणि विद्युतचुंबकीय क्षेत्राला असे सहा घटक असतात. एवढे करून समीकरणे नुसती मांडून झाली. ती सोडवायची अजून बाकीच आहेत.

त्यात हा दहा बिंदूंचा नियमही फसवा आहे, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण पुस्तकी शिक्षणात ही गोष्ट निसटते. एकाच दिशेने जाणारी साधी लहर घ्या आणि तिचे समीकरण जाळीवर सर्वांत सरळ रीतीने मांडा: शेजारच्या दोन बिंदूंची बेरीज, त्यातून मधल्याची दुप्पट वजा. जाळीवर जी लहर तयार होते तीही सुबक असते, तिची उंची घटत नाही, काही बिघडले असे पाहून वाटत नाही. फक्त तिची लांबी खऱ्या लहरीपेक्षा किंचित कमी भरते. दहा बिंदूंना हा फरक सुमारे १.७ टक्के येतो. एका लहरीपुरते पाहिले तर सहा अंशांची चूक, दुर्लक्ष करण्याजोगी. पण ही चूक साठत जाते. २९ लहरी पुढे गेलो की अर्ध्या लहरीचा फरक पडलेला असतो, म्हणजे खरी लहर जिथे शिखरावर आहे तिथे जाळीवरची लहर दरीत. विमानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५०० लहरी मोजल्यावर साडेआठ लहरींचा घोळ झालेला असतो. मग दोन वाटांनी आलेल्या लहरी भिडून उजेड वाढवतात की खोडतात, या प्रश्नाला संगणक देईल ते उत्तर केवळ नशिबाचे.

म्हणजे वारंवारता वाढली की बिंदू त्याच प्रमाणात वाढवून भागत नाही, त्याहून जास्त वाढवावे लागतात. याला या क्षेत्रात प्रदूषण म्हणतात. इव्हो बाबुश्का आणि स्टेफान साउटर यांनी १९९७ साली दाखवून दिले की दोन किंवा अधिक मितींत, शेजारच्या बिंदूंनाच जोडणाऱ्या जाळीच्या पद्धतींत हा दोष कमी करता येतो, पण मुळापासून काढता येत नाही. त्यावर आणखी एक संकट आहे. ही समीकरणे अशा स्वरूपाची असतात की उष्णतेच्या किंवा पुलाच्या ताणाच्या गणितात हमखास चालणाऱ्या पुनरावृत्तीच्या पद्धती इथे अडखळतात. जाड जाळीवर आधी ढोबळ उत्तर काढून ते बारीक जाळीवर सुधारायचे, ही तिथली हुकमी युक्ती. पण जाड जाळीवर लहरच उरत नाही, तर सुधारायचे काय?

यावर पहिला मोठा तोडगा असा की हवेत जाळी टाकायचीच नाही. धातूच्या विमानावर रडारची लहर आदळली की त्याच्या पृष्ठभागावर वीजप्रवाह खेळतो आणि परत येणारी लहर त्या प्रवाहातूनच निघते. प्रवाह कळला की सारे कळले. म्हणून फक्त पृष्ठभागावरचा प्रवाह अज्ञात धरून समाकल समीकरण लिहायचे. रॉजर हॅरिंग्टन यांच्या १९६८ च्या पुस्तकाने ही रीत अभियंत्यांच्या हातात दिली. १९८२ साली सदाशिव राव, डोनाल्ड विल्टन आणि अॅलन ग्लिसन यांनी तिला हवे ते हत्यार दिले: कोणत्याही आकाराचा पृष्ठभाग लहान त्रिकोणांनी मढवायचा आणि दोन त्रिकोणांच्या सामाईक कडेवरून प्रवाह न साचता एकातून दुसऱ्यात जाईल, अशी सोपी फलने घ्यायची. आज जगात जिथे जिथे अँटेना किंवा रडारचे हे गणित चालते, तिथे या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे रोज उच्चारली जातात. त्यातले पहिले अक्षर रावांचे.

पण पुन्हा आकडे मांडू. विमानाचा पृष्ठभाग १५० चौरस मीटर धरा. एका चौरस तरंगलांबीला शंभर अज्ञात, म्हणजे एकूण सुमारे १ कोटी ६७ लाख. घनाच्या मानाने फार स्वस्त. फक्त इथे प्रत्येक त्रिकोणाचा प्रत्येक त्रिकोणाशी संबंध येतो, म्हणून मॅट्रिक्समध्ये शून्ये नसतात. ती साठवायला साडेचार पेटाबाइट लागतात. सेकंदाला दहाचा पंधरावा घात इतक्या क्रिया करणाऱ्या महासंगणकाने ती शाळेतल्या निरसन पद्धतीने सोडवायला घेतली, तर साधारण साडेचार महिने लागतील. वारंवारता दुप्पट केलीत तर अज्ञात चौपट, मॅट्रिक्स सोळापट आणि वेळ चौसष्टपट.

ही कोंडी येल विद्यापीठात फुटली. लेस्ली ग्रीनगार्ड आणि व्लादिमिर रोखलिन यांनी १९८७ साली विद्युतभारांच्या परस्पर आकर्षणासाठी एक जलद पद्धत दिली, आणि १९९० मध्ये रोखलिन यांनी तिचे रूप लहरींसाठी घडवले. टपालखाते जसे प्रत्येक घरातून प्रत्येक घरी माणूस धाडत नाही, गावची पत्रे तालुक्याला, तालुक्याची जिल्ह्याला गोळा करून मग पलीकडच्या जिल्ह्यातून खाली वाटते, तसेच इथे जवळजवळच्या त्रिकोणांचा परिणाम एका गटात गोळा करतात, गटागटांत देवघेव होते आणि मग तो त्रिकोणांपर्यंत उतरवतात. लहरींच्या बाबतीत यात एक अडचण होती. भारांचा गट लांबून पाहिला तर दोन-चार आकड्यांत त्याचे वर्णन होते. लहरी सोडणारा गट मात्र मोठा होत जातो तशी त्याची वेगवेगळ्या दिशांना दिसणारी रूपे वाढतात. मोठ्या गटाला जास्त दिशा मोजाव्या लागतात, त्यात बचत नाही. तरीही रोखलिन यांनी एका गटाचे वर्णन दुसऱ्याकडे नेण्याची क्रिया प्रत्येक दिशेला केवळ एका गुणाकाराची करून दाखवली, आणि पुढे जिमिंग साँग व वेंग चो च्यू यांनी अनेक पायऱ्यांची पद्धत घडवल्यावर, उत्तर टप्प्याटप्प्याने सुधारण्याच्या एका फेरीचे काम अज्ञातांच्या वर्गाऐवजी अज्ञातांच्या संख्येपेक्षा थोडेसेच जास्त उरले. अब्जाहून अधिक अज्ञातांची अशी गणिते या पद्धतीने सुटलेली आहेत. २००० साली विसाव्या शतकातल्या दहा श्रेष्ठ अल्गोरिदमांची यादी छापून आली, तिच्यात ग्रीनगार्ड आणि रोखलिन यांचा अल्गोरिदम होता. मला तो त्या दहांतला सर्वांत सुंदर वाटतो.

इतके होऊनही मूळ दुखणे तसेच राहते. वारंवारता दुप्पट झाली की अज्ञात चौपट होतात ते होतातच. आपण प्रत्येक लहरीचे प्रत्येक शिखर आणि प्रत्येक दरी संगणकाकडून शोधून घेतो. आता विमानाच्या पंखाचा मधला, रडारकडे तोंड केलेला सपाट भाग पाहा. तिथला प्रवाह कसा असतो? तो येणाऱ्या लहरीच्याच तालावर वरखाली होतो. ती लहर तर आपणच सोडली आहे. तिचे प्रत्येक शिखर कुठे पडणार हे पेन्सिलीने सांगता येते. तरीही आपण तिथे लाखो त्रिकोण टाकतो आणि यंत्राला विचारतो, इथे काय आहे?

मला आज सांगायचे आहे ते हे. जे आपल्याला ठाऊक आहे ते यंत्राला विचारायचे थांबवले की उच्च वारंवारतेचे गणित वेगळे होते. अवघड राहते, पण वारंवारतेबरोबर फुगत नाही. आणि आपल्याला काय काय ठाऊक आहे, हे सांगणारी माणसे संगणकाच्या आधीची किंवा त्याच्याकडे पाठ करून बसलेली होती.

त्यांतले दोघे एकाच वर्षी, शीतयुद्धाच्या दोन बाजूंना, एकाच प्रश्नावर काम करत होते. न्यूयॉर्कच्या कुरांट इन्स्टिट्यूटमध्ये जोसेफ केलर यांनी १९६२ साली विवर्तनाचा भूमितीय सिद्धान्त मांडला. किरण धारदार कडेवर आदळला की त्यातून नव्या किरणांचा शंकू निघतो, आणि शंकूचा कोन येणाऱ्या किरणाने कडेशी केलेल्या कोनाएवढाच असतो. प्रत्येक नव्या किरणात किती जोर भरायचा, ते झोमरफेल्ड यांच्या १८९६ च्या अचूक उत्तरावरून घ्यायचे. गोलसर वस्तू असेल तर काही किरण पृष्ठभागाला चिकटून सावलीच्या बाजूला सरपटत जातात आणि वाटेत थोडे थोडे निसटत राहतात. या हिशेबात वारंवारता जितकी मोठी तितके उत्तर चांगले. सावलीच्या ऐन सीमेवर मात्र केलर यांची सूत्रे अनंत होऊन बसत. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या रॉबर्ट कुयुमजियान आणि प्रभाकर पाठक यांनी १९७४ साली ती सीमाही ओलांडता येईल अशी केली.

त्याच १९६२ मध्ये मॉस्कोत प्योत्र उफिमत्सेव यांचे कडांवरच्या लहरींबद्दलचे छोटे पुस्तक निघाले. त्यांचा विचार असा: सपाट भागावरचा प्रवाह येणाऱ्या लहरीवरून लगेच लिहिता येतो. चूक होते ती कडेजवळच्या अरुंद पट्टीत. तर त्या पट्टीतला प्रवाह झोमरफेल्ड यांच्या उत्तरावरून काढा, त्यातून सपाट भागाचा अंदाज वजा करा आणि उरलेला फरक तेवढा जोडा. अमेरिकी हवाई दलाने १९७१ साली या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर करून घेतले. लॉकहीड या विमान कंपनीतल्या डेनिस ओव्हरहोल्झर यांच्या हाती ते पडले आणि त्यांनी विमानाच्या आकारावरून त्याची रडारवरची खूण मोजणारा ‘एको’ हा प्रोग्रॅम उभा केला. त्या काळच्या संगणकावर वक्र पृष्ठभागाचा हिशेब झेपत नव्हता, सपाट पाट्यांचा झेपत होता. म्हणून रडारला चुकवायचे विमानच सपाट पाट्यांचे केले. हॅव ब्लू हा नमुना १ डिसेंबर १९७७ रोजी उडाला आणि त्यातून १९८१ मध्ये एफ-११७ हे विमान आले. त्याचे ते हिऱ्यासारखे पैलू पाडलेले अंग हवेला मुळीच मानवणारे नव्हते. गणिताच्या मर्यादेने लोखंड-अॅल्युमिनियमला आकार दिल्याचे इतके ठसठशीत उदाहरण मला दुसरे माहीत नाही. एका माणसाने खुल्या मनाने छापलेले गणित दुसऱ्या देशाच्या शस्त्रात जाऊन बसले, याची खंतही ते उदाहरण सांगताना मला वाटते.

केलर आणि उफिमत्सेव यांच्या उत्तरांत एक उणीव होती. चूक किती आहे हे सांगता येत नसे, आणि ती कमी करायचा मार्गही नव्हता. वारंवारता जेवढी आहे तेवढी आहे. ती वाढवून उत्तर सुधारता येत नाही. संगणकवाल्यांना चूक हवी तेवढी कमी करता येते, पण किंमत परवडत नाही. गेल्या तीसएक वर्षांतला या विषयातला सर्वांत समाधान देणारा भाग म्हणजे या दोन घराण्यांची सोयरीक.

ती कशी जुळते ते एका षटकोनाच्या एका बाजूवर पाहू. स्फटिकाऐवजी तूर्तास तेवढ्याच आकाराचा, लहर आत न घेणारा षटकोन घ्या आणि तोही सपाट कागदावरचा. या बाजूवर काय काय असणार हे आपण आधीच सांगू शकतो. एक, उजेडाकडे असेल तर येणाऱ्या लहरीचा थेट प्रवाह. तो संपूर्ण माहीत. दोन, डाव्या कोपऱ्यावरून निघून बाजूला घासत उजवीकडे जाणारी लहर. तीन, उजव्या कोपऱ्यावरून डावीकडे येणारी. या दोन्ही लहरींचा ताल माहीत आहे, कारण त्या ठरलेल्या तरंगलांबीनेच धावणार. माहीत नाही ती फक्त त्यांची ताकद अंतराबरोबर कशी ओसरते ती. आणि ताकद हळूहळू बदलते. कोपऱ्याजवळ तिच्यात तीव्र उतार असतो, पुढे ती संथ होते. म्हणून कोपऱ्याजवळ बारीक आणि पुढे रुंद होत जाणारे तुकडे पाडायचे आणि फक्त ताकद विचारायची. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या सायमन चँडलर-वाइल्ड आणि स्टीव्हन लँग्डन यांनी २००७ साली सिद्ध केले की बहिर्वक्र बहुभुजांसाठी या रीतीने हवी ती अचूकता राखायला अज्ञातांची संख्या वारंवारतेच्या केवळ लॉगॅरिदमच्या वेगाने वाढवली तरी पुरते. एका बाजूत २०० लहरी बसत असतील तर जुन्या रीतीने तिथे २,००० बिंदू लागत. इथे काही डझनांत भागते, आणि लहरी २,००० झाल्या तरी त्यात थोडीच भर पडते. गुळगुळीत बहिर्वक्र वस्तूंसाठी ऑस्कर ब्रूनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये वारंवारता कितीही असो, ठरावीक वेळात ठरावीक अचूकता मिळवून दाखवली. उजेड आणि सावली यांच्यामधला पट्टा किती रुंद असतो, हे व्लादिमिर फॉक यांनी १९४६ साली लिहून ठेवले होते. तेच तिथे उपयोगी पडले.

अज्ञात कमी झाले तरी एक काम उरते. मॅट्रिक्समधला प्रत्येक आकडा आता एका मोठ्या तुकड्यावरचे समाकलन असतो आणि त्या तुकड्यात लहर शेकडो वेळा वरखाली होते. ते साध्या रीतीने मोजू गेलो तर वाचवलेले सगळे इथे खर्ची पडेल. पण अशा समाकलनाचा स्वभाव लॉर्ड केल्विन यांच्या काळापासून ठाऊक आहे. समजा, x च्या वर्गाला १००० ने गुणून येणाऱ्या कलेने फिरणारी लहर आपल्याला उणे एकपासून एकपर्यंत बेरजेला घ्यायची आहे. दोन्ही टोकांकडे ती इतक्या वेगाने फिरते की शेजारशेजारच्या शिखरदऱ्या एकमेकींना खोडतात. मधे, शून्यापाशी, ती क्षणभर फिरायची थांबते आणि जवळजवळ सगळे उत्तर तिथूनच येते: १००० ने भागलेल्या पायचे वर्गमूळ, सुमारे ०.०५६. टोकांची भर त्याहून लहान. लुई फिलॉन यांनी १९२८ मध्येच सुचवले होते की फिरणारा भाग हाताने सोडवा आणि फक्त संथ भागासाठी बिंदू घ्या. अॅरिएह इसर्लेस आणि इतरांनी या कल्पनेला नवे रूप दिले. त्या पद्धतींत लहर जितकी वेगाने फिरेल तितकी चूक कमी होते. नेहमीच्या आकडेमोडीच्या अनुभवाला हे पूर्ण उलटे आहे, आणि पहिल्यांदा ते आलेखावर पाहिले तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. पुण्यात १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला, तेव्हापासून महासंगणकाबद्दल आपल्याला रास्त अभिमान आहे, आणि यंत्रे आणखी मोठी हवीतच. पण आपल्या अभ्यासक्रमांतून अनंतस्पर्शी गणित, म्हणजे वारंवारता फार मोठी असताना उत्तर कसे वागते हे कागदावर काढण्याचे गणित, हळूहळू हद्दपार होते आहे. तयार सॉफ्टवेअरमध्ये आकार भरायचा, जाळी पाडायचे बटण दाबायचे, रंगीत चित्र छापायचे, एवढ्यावर पदवी मिळते. त्या चित्रातली लहर २९ लांब्यांनंतर उलटी झाली आहे का, हे चित्र सांगत नाही. ते ओळखण्यासाठी आधी कागदावर उत्तराचा अंदाज असावा लागतो, आणि तो शिकवण्याची जबाबदारी आम्हा शिक्षकांची आहे.

आता या सोयरिकीच्या मर्यादा. खरा बर्फ लहरीला आत घेतो. आत शिरलेली लहर भिंतीवर आपटते, अर्धवट बाहेर पडते, उरलेली पुढच्या भिंतीकडे जाते. प्रत्येक आपटीला नवा ताल, आणि ते किती धरायचे? सॅम्युएल ग्रॉथ, डेव्हिड ह्यूइट आणि लँग्डन यांनी २०१५ मध्ये लहर आत घेणाऱ्या बहिर्वक्र बहुभुजांसाठी हे करून पाहिले. आत फिरणारे किरणपुंज आधी भूमितीने काढून घ्यायचे, मग कोपऱ्यांवरून निघणाऱ्या लहरी तेवढ्या अज्ञात ठेवायच्या. बर्फ प्रकाश थोडा शोषत असेल तर दूरच्या आपट्या विझत जातात आणि काम सोपे होते. पण हे अजून कागदावरचे, दोन मितींतले स्फटिक आहेत. तीन मितींत प्रत्येक कडेवरून केलर यांचे शंकू निघतात, ते दुसऱ्या कडांवर पडतात, आणि कडा जिथे मिळतात त्या टोकांवरून निघणाऱ्या लहरींची सोपी सूत्रे नाहीत.

याहून अवघड जागा म्हणजे लहर जिथे अडकते. दोन समोरासमोरच्या भिंती, किंवा जेट इंजिनाची हवा ओढणारी तोंडे. तिथे लहर आत जाते आणि किती आपट्या खाऊन बाहेर येईल याचा नेम नसतो, म्हणून तिचा ताल आधी सांगता येत नाही. ‘जे ठाऊक आहे ते विचारू नका’ हे सूत्र तिथे लंगडे पडते, कारण ठाऊकच फार थोडे असते. काही ठरावीक वारंवारतांना तर पोकळी जवळजवळ घुमू लागते. लंबवर्तुळाकार पोकळीच्या उदाहरणात गणिताने दाखवले आहे की अशा वारंवारतांच्या मालिकेवर समीकरणांची नाजुकता घातांकी वेगाने वाढत जाते. शेवटच्या दशांशातली चूकही तिथे उत्तर उलथवू शकते. वर्षानुवर्षे लोकांना भीती होती की असे आकार आले की सगळेच हातचे गेले.

२०२१ साली डेव्हिड लाफोंतेन, युआन स्पेन्स आणि जॅरेड वुंश यांनी सिद्ध केले की ही भीती थोड्या वारंवारतांपुरती खरी आहे. हव्या तेवढ्या लहान लांबीच्या एका संचातल्या वारंवारता वगळल्या, तर उरलेल्या सर्वांसाठी वाढ घातांकी नसून एका बहुपदीच्या मर्यादेत राहते, मग लहर कितीही घट्ट अडकणारी असो. त्यामुळे जेटच्या तोंडाचे गणित करणारा आता एका वारंवारतेवरचे उत्तर विचित्र दिसले की शेजारच्या दोन-तीन वारंवारतांवर तेच गणित पुन्हा चालवून पाहू शकतो. ती उत्तरे एकमेकांशी जुळली, तर मधले विचित्र उत्तर पोकळीच्या घुमण्याचे आहे. ती जुळली नाहीत, तर त्याला जाळीकडे परत जावे लागते.